थरथर काढून टाकलेली चित्रं

अमरावतीत माझं डिझायनिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, दोन कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर आणि भिंतीला टेकवून ठेवलेले फ्लेक्सचे रोल. कोणी मला आर्टिस्ट म्हटलं की माझी बायको तोंडाला पदर लावते. पंचवीस वर्षं मी मुख्यतः माणसं गोरी केली. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या दादांची पोटं आत घेतली, नवरदेवांच्या गालांवरचे खड्डे बुजवले, आणि संत्र्याच्या पेटीवरच्या लेबलातली संत्री इतकी केशरी केली की पेटीतल्या संत्र्यांनी मान खाली घालावी.

यातलं काही मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही. गिऱ्हाईक फ्लेक्ससमोर उभं राहून म्हणतं, "बम भारी निंगाला बे फोटो!" आपण मुळातच तसे आहोत, असं त्याला खरंच वाटतं. मी मान डोलावतो आणि पुढचं पोट हातात घेतो. आमच्या धंद्यात हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात काही खोटं आहे असं मनातही येत नाही. तीच सवय मी माझ्या सख्ख्या बहिणीवर चालवली.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन अकोल्याला गेली आणि तिथल्या मुलींच्या शाळेत तिनं तीस वर्षं चित्रकला शिकवली. पेन्सिल कशी धरायची हे मला तिनंच शिकवलं. मी काढलेला पहिला बैल पाहून ती म्हणाली होती, "हे पोतं हाय का रे?" मी रडलो, तर तिनं त्याच पोत्याला दोन शिंगं आणि एक शेपूट लावून दिली, आणि तो बैल झाला. माझं शिक्षण साधारण तिथंच थांबलं. बाकी सगळं मी कॉम्प्युटरकडून शिकलो.

शाळेत दर वर्षी भुलाबाईचा, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याचा, कार्यक्रम असायचा. हॉलमधल्या मोठ्या फळ्यावर ताई रंगीत खडूनं भुलाबाई, भुलोजी आणि मांडीवरचा गणपती काढायची. वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. भुलाबाईच्या कपाळापासून पायाच्या बोटापर्यंत ती एकच रेघ ओढायची, खडू न उचलता. मी दोनदा पाहिलं आहे. तीनशे मुली चिडीचूप बसलेल्या असायच्या आणि रेघ पायापर्यंत पोचली की सगळ्यांचा श्वास एकदम सुटायचा.

ती रिटायर झाली आणि दोन वर्षांत तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळीनं झोप यायची, मळमळायचं. भाऊजी तिला कपात अर्धाच चहा देऊ लागले. शाळेचं बोलावणं आलं की ती गुडघ्याचं निमित्त सांगायची. गुडघे ठणठणीत होते.

तिला एक पुस्तक करायचं होतं. भुलाबाईची बारा गाणी तिनं म्हाताऱ्या बायकांकडून ऐकून वहीत उतरवली होती. आताच्या मुलींना दोनच येतात, तीही अर्धी. प्रत्येक गाण्याला एक चित्र, अशी बारा चित्रं काढून ते पुस्तक शाळेतल्या मुलींच्या हातात द्यायचं होतं. पहिल्याच चित्रात कागद फाटला. दुसऱ्या कागदावर भुलाबाईच्या नथीचा चेंदामेंदा झाला. तिनं सामान माळ्यावर टाकलं.

मग मागच्या उन्हाळ्यात मी माझा जुना, स्क्रीनवाला पेन टॅबलेट पिशवीत घालून अकोल्याला गेलो. आपण बहिणीसाठी फार मोठं काही करतो आहोत, असा चेहरा मी एस.टी.त बसल्यापासूनच केला होता.

"काचेवर काढू?" ताई म्हणाली.

"कागद समजून काढ. चुकलं तर अनडू हाय. मांगं जाता येते."

"मले नाई येत बापा मांगं जाता. तुले येत असन."

तिनं पेन धरला आणि चेहऱ्याची रेघ ओढली. रेघ आली ती कंगव्याच्या दातांसारखी. कागदावर तरी पेन्सिलीचा खरखरीतपणा थोडी थरथर खातो. काच काही खात नाही. तिनं पेन खाली ठेवला, "चहा टाकतो" म्हणाली आणि आत गेली.

चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंग नावाची एक सोय असते. शून्य ते शंभर अशी पट्टी. ती वाढवली की मशीन हाताचे हेलकावे मोजतं, त्यातून मधली वाट काढतं आणि तीच रेघ दाखवतं. सगळेच चित्रकार ती थोडीफार वापरतात. ताई आत दूध शोधत होती तेवढ्यात मी पट्टी दहावरून नव्वदवर नेली. दोन सेकंदांचं काम. नवरदेवाच्या गालाला याहून जास्त वेळ लागतो.

ती बाहेर आली. मी म्हणालो, "अजून एकडाव काढून पाह्य."

तिनं रेघ ओढली. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. रेघ तिच्या पेनामागून सावकाश आली आणि पाण्यासारखी आली.

"अरे!" ती म्हणाली. मग आत बघून ओरडली, "ऐका न! या लवकर! हात पाहा माया!"

भाऊजी टॉवेलला हात पुसत आले. ताईनं आणखी एक रेघ ओढून दाखवली. भाऊजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला.

तेव्हा सांगायला हवं होतं. मी तोंडही उघडलं होतं. पण त्या उघडलेल्या तोंडातून भलतंच आलं. "सराव, ताई. हात बसून राहिला तुया."

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी अकोल्याला जायचो. ताई रोज सकाळी दोन तास काढायची. तिची नजर मास्तरणीची, काही सुटायचं नाही.

"रेघ मांगं काहून राहते रे? मी इथं पोचली, थे अजून तिथंच हाय."

"मशीन जुनं हाय. त्याचंबी वय झालं."

"मंग आमचं जमन," असं म्हणून ती हसली.

स्मूदिंग एवढं वाढवलं की ते थरथरीबरोबर कोपरेही खातं. डोळ्याचा कोन, पोपटाची चोच, पदराचं टोक सगळं गोल होतं. ताई म्हणाली, "ह्या साऱ्या बायका झोपीत दिसून राहिल्या." मग मी फायली अमरावतीला न्यायचो आणि दुकानात बसून पेन टूलनं एकेक बिंदू ओढून डोळ्यांना कोन द्यायचो. चित्र मोबाइलवर पाठवलं की तिचा फोन.

"काल तर हे कोपरे गोल होते."

"नाई ताई, झूम करून पाह्यलं नसन तू."

"असन," ती म्हणायची. तिचा माझ्यावर विश्वास होता.

पोळ्यापर्यंत सात चित्रं झाली. खरंच सुंदर होती, म्हणजे मला वाटलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली तर हात जोडलेल्यांची रांग लागली. कोणीतरी लिहिलं, जिद्द असावी तर अशी. मी त्यावर अंगठा दाबला. अंगठा दाबताना मला काहीही वाटलं नाही, हे आता आठवलं की लाज वाटते.

मग भाऊजींचा फोन आला. मी एका गृहप्रवेशाच्या पत्रिकेत गुंतलो होतो.

"ऐकून राहिले का? रागावू नका. तुमची बहीण गोळी अर्धीच घेऊन राहिली."

"कवापासून?"

"दोन-अडीच महिने झाले असन. म्हणे चित्र सरळ येऊन राहिले, मंग गोळी कायले? झोप येते त्यानं. मीबी म्हणलं, होय, फरक तर दिसते." मग ते उत्साहानं म्हणाले, "आन शाळेनं बोलावलं हाय भुलाबाईले. फळ्यावर चित्र मांगतलं. या वर्षी होय म्हणली थे!"

बायको मागं उभी होती. फोनचा आवाज मोठा होता, तिनं सगळं ऐकलं.

"तुमी अजून सांगतलंच नाई तिले?"

"सांगतो न."

"कवा? फळ्यावर गेल्यावर?" ती म्हणाली. "साऱ्या गावाचे नाकं सरळ करता तुमी. एक गोष्ट सरळ सांगता येत नाई."

मी भाऊजींना लगेच परत फोन करून सांगू शकलो असतो की गोळी पूर्ण द्या. ते मी दुसऱ्या दिवशी केलं, पण तेही आडून. म्हणालो, डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी कमी करू नये असं मोबाइलवर वाचलं. भाऊजी म्हणाले, "मी सांगतलं, ऐकत नाई. म्हणे हात पाहा माया." त्या हाताचं उत्तर फक्त माझ्याकडं होतं, आणि ते फोनवर द्यायचं धाडस मला झालं नाही. समोर बसून सांगू, असं म्हणता म्हणता कार्यक्रमाचा दिवस उजाडला.

सकाळच्या एस.टी.नं निघालो. मूर्तिजापूरपर्यंत मी एक वाक्य घोकत होतो. ताई, मशीनमध्ये एक सोय असते. मूर्तिजापूरला शेजारी एक आजी बसल्या आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "जप करून राहिला का बावा?" वाक्य तिथंच सांडलं.

ताई नव्या हिरव्या सुती साडीत तयार होती. वाटीत साखरेच्या पाण्यात रंगीत खडू भिजत घातले होते. त्यानं फळ्यावर रंग उठून दिसतो आणि खडूची धूळ उडत नाही, ही तिची जुनी रीत. ती एकेक खडू काढून कापडावर ठेवत होती आणि वाटीला खडू लागून टिकटिक वाजत होतं. उन्हाळ्यापेक्षा हात जास्त हलत होता. मला दिसलं. मी पाहिलं हे तिलाही दिसलं.

"आज जराक जास्तच हाय," ती म्हणाली. "भेव असन. तीन वर्षांनं चालली न."

"ताई, त्या मशीनबद्दल थोडं बोलायचं होतं."

"वापस पायजे का तुले?" तिचा चेहरा पडला. "पाचच चित्र राहिले, बापा. तेवढे होऊ दे. मंग ने."

"नाई, नाई. ठेव तू," मी म्हणालो. झालं एवढंच माझं बोलणं. तिनं खडूचा डबा माझ्या हातात दिला आणि आम्ही निघालो.

हॉलमध्ये मुली बसल्या होत्या. खाऊचा डबा फिरत होता आणि त्या डबा हलवून आत काय ते ओळखत होत्या. लाडू? चिवडा? शंकरपाळे? मुख्याध्यापिका एकेकाळची ताईचीच विद्यार्थिनी. तिनं वाकून नमस्कार केला आणि माइकवर सांगितलं की बाई आजारातून बऱ्या झाल्या आहेत. ताईनं हात हलवून नको नको म्हटलं, पण ती खूश होती.

ती फळ्याजवळ गेली. पांढरा खडू घेतला, भुलाबाईच्या कपाळावर टेकवला. हॉल शांत झाला. त्या शांततेत खडू फळ्यावर टकटकायला लागला. रेघ भिवईपर्यंत आली तीच करवतीसारखी. ताईनं डस्टरनं पुसलं. पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच. तिनं खडू बदलला, जणू काही दोष त्याचाच होता. तिसऱ्या वेळी तिनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि ओढत नाकापर्यंत आणलं. खडू मोडला.

पुढच्या रांगेतली एक छोटी मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, "भुलाबाईले थंडी वाजून राहिली का वं?"

दोघी-तिघी हसल्या. मुख्याध्यापिकेनं डोळे वटारले. मी दाराशी खडूचा डबा धरून उभा होतो, मला ऐकू आलं म्हणजे ताईलाही आलंच.

ताई वळली. वर्गात ती कायम पुस्तकातलं मराठी बोलायची. तशीच बोलली. "हो गं. हिला थंडी वाजते आहे. तुम्ही गाणं म्हणा, म्हणजे जरा ऊब येईल."

मुलींनी गाणं धरलं. ताई खुर्चीत बसली आणि साऱ्या गाण्याभर टाळ्या वाजवत राहिली. फळ्यावर कपाळ, एक भिवई आणि अर्धं नाक एवढंच होतं. ते कोणी पुसलं नाही आणि पुरंही केलं नाही.

ऑटोत बसल्यावर ती बराच वेळ बोटांवरची खडूची पूड पाहत होती. मग विचारलं, "मशीनमधी काय केलं तू?"

मी सांगितलं. पट्टी, हेलकावे, मधली वाट. गिऱ्हाइकाला समजावतो तसं समजावलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"किती ठेवलं होतं?"

"नव्वद."

"शंभरातले?"

"हाव."

"म्हंजे माये दहा."

"तसं नसते ताई."

"कसं असते मंग?"

ऑटोवाल्यानं आरशातून एकदा पाहिलं.

"पह्यल्या दिवशी सांगतलं असतं," ती म्हणाली, "त मी नव्वदवरच काढलं असतं रे. मले काय त्याचं? चश्मा लावतोच न आपन. पन चश्मा कोनी चोरून नाई लावून देत. डोळे बरे झाले मनून नाई सांगत."

घरी पोचल्यावर तिनं साडीही बदलली नाही. टॅबलेट उघडून माझ्यापुढं ठेवला. "माये खरे दाखव."

"काय खरे?"

"हातानं जसे आले तसे. नव्वद काढ थे, आन दाखव."

ती पट्टी रेघ ओढताना काम करते. मशीन जे सरळ करून दाखवतं तेच साठवतं. हात मुळात कसा हलला होता ते कुठंच ठेवत नाही. मी तरीही इकडं तिकडं दोन-तीन बटणं दाबली, काही शोधतो आहे असं दाखवायला. मग थांबलो. त्या दिवशी आणखी एक खोटं माझ्याच्यानंही झालं नसतं.

"नाई ताई. थे नसते त्यात."

"म्हंजे मी काढलं थे कुठंच नाई?"

भाऊजी अर्धा कप चहा घेऊन उभे होते. त्यांनी तो तिच्यापुढं ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले जरी सांगतलं असतं तुमी, त गोळी तरी देल्ली असती मी बरोबर." भाऊजी मला आयुष्यात एकदाही टाकून बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही बोलले.

दुसऱ्या दिवसापासून ताईनं गोळी पूर्ण सुरू केली. पण हात उन्हाळ्यात होता तिथं काही परत आला नाही. मी डॉक्टरांना स्वतः जाऊन विचारलं. ते म्हणाले, आजार पुढं सरकतोच, त्यातलं किती त्या महिन्यांमुळं हे कोणी सांगू शकत नाही. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच तसं आहे, ते मी विचारलं नाही. मी स्वतः लोकांना बरं वाटावं म्हणून फार काही करत आलो आहे, त्यामुळं मला अशा बोलण्यावर आता विश्वास ठेवता येत नाही.

भाऊबीजेला गेलो. तिनं ओवाळलं. निरांजनाची ज्योत ताटात हलत होती. मी वर पाहायचं टाळलं. जेवण झाल्यावर मी म्हणालो, "ताई, किती ठेवायचं ते तू सांग. शून्य म्हणशील त शून्य. पाचच राहिले."

ती आत गेली आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला टॅबलेट घेऊन आली. वरून सुतळी बांधली होती. गाठ भाऊजींची असणार, घट्ट होती.

"ने. तुया कामात येईन."

"आन पुस्तक?"

"गाण्याची वही शाळेत देल्ली म्या. तिथल्या बाई छापतो म्हणल्या. चित्राबिगर होते पुस्तक."

"सात तर झाले हायेत, ताई. लोकाईले आवडले."

"आवडले असन. चांगलेच हायेत." ती शांतपणे म्हणाली. "ठेव तुयापाशी. पन त्याच्यावरची माई सही काढून टाक."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

दुकानात येऊन फायली उघडल्या. सही म्हटलं तर एक भानगड होती. ताईची सही बारीक, वळणदार, आणि नव्वदच्या स्मूदिंगमध्ये तिचा नुसता गोळा व्हायचा. म्हणून मी घरातल्या एका जुन्या चित्रावरून, ती नोकरीला लागली त्या वर्षीच्या, सही स्कॅन केली होती आणि तीच सातही चित्रांच्या कोपऱ्यात बसवली होती. पूर्ण चित्रात खरोखर तिच्या हातची तेवढीच रेघ होती. ती वेगळ्या लेअरवर होती, त्यामुळं काढायला त्रास नव्हता. सात फायली, सात वेळा डिलीट, सात वेळा सेव्ह. बायको मागं येऊन उभी राहिली आणि सातवी सेव्ह होईपर्यंत पाहत राहिली.

मी ताईला फोन लावला.

"काढल्या."

"साऱ्या?"

"हाव, साऱ्या."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "जेवला का?"